हड्डी पालकांची, चमडी मास्तरांची?

मुलाचं नाव शाळेत घालायला आलेले अब्बा आजही सांगतात, "सर, हड्डी हमारी, चमडी आपकी." आपण मास्तर लोक हसतो, मनातून सुखावतोही. पालकांनी आपल्याला मुलाची तालीम सोपवली की त्याची चमडी, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. मला तो फार उशिरा पडला.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. मधल्या सुट्टीत नळाजवळ सातवीतली दोन मुलं भिडली. मी धावत गेलो, दोघांना ओढून वेगळं केलं आणि दोघांच्याही हातावर दोन-दोन छड्या ओढल्या. दोघांना सारखी शिक्षा म्हणजे इन्साफ, अशी माझी बी.एड. झालेली समजूत! त्याच संध्याकाळी शाळेमागे पुन्हा मारामारी झाली आणि दोघांतल्या धाकट्याचा दात पडला. त्यानंतर तो शाळेत आलाच नाही. घरी गेलो तेव्हा कळलं की, त्याचे वडील भंगार गोळा करायचे आणि वर्गातला तो थोराड मुलगा महिनाभर त्याला 'कबाडी की औलाद' म्हणत होता. म्हणजे महिनाभर मार खाणाऱ्यालाच मीही मारलं होतं. आज तो मुलगा बापाचीच हातगाडी ढकलतो. मशिदीत एका सफेत उभे राहणारे आपण. मग बिरादरीवरून टोमणे मारायला आपली मुलं कुणाच्या घरात शिकतात?

मी सेवाग्रामला राहतो. १९३६ साली गांधीजी इथे आले तेव्हा हे शेगाव होतं. पुढच्याच वर्षी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन. त्यातून उभ्या राहिलेल्या शिक्षणाचं नाव 'नई तालीम'. शब्द आपला, अध्यक्ष आपला. पण ती तालीम आपल्या किती शाळांत पोहोचली?

गांधीजींच्या हातूनही एकदा मार दिला गेला होता. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर एक भांडखोर, खोटं बोलणारा मुलगा ऐकेना, तेव्हा त्यांनी रूळ उचलून त्याच्या दंडावर मारला. मारताना आपण थरथरत होतो, त्या फटक्यातून आपल्यातला पशूच दिसला, असं त्यांनी आत्मकथेत कबूल केलं आहे. आपल्यापैकी कितीजण मारताना थरथरतात? आपण तर स्टाफरूममध्ये येऊन सांगतो, "आज चांगला सरळ केला!"

माझे सहकारी म्हणतील, वर्गात साठ मुलं, त्यात भांडणं ऐकत बसायला वेळ कुठे? वेळ नाही हे खरं आहे. पण न ऐकलेलं भांडण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहतं, तेव्हाही वेळ जातोच. काहीजण म्हणतील, कायद्याने हात बांधले. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मारहाण आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली. कलम १६नुसार प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. यात बांधला गेला तो फक्त छडीचा हात. पाठीवर ठेवायचा हात मोकळाच आहे.

२०२३ साली मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या खुब्बापूरच्या शाळेत शिक्षिकेने एका मुस्लिम मुलाला वर्गातल्याच मुलांकडून थपडा मारायला लावल्या. आपण संतापलो, संतापायलाच हवं होतं. सुप्रीम कोर्टानेही उत्तर प्रदेश सरकारला सुनावलं. पण तो संताप आपल्या वर्गाच्या दारातच का थांबतो? आपल्या मुलाला आपल्याच मास्तराने मारलं तर ती 'तरबियत', हा कुठला न्याय?

मग करायचं काय? आधी मुलं वेगळी करा, लागलं असेल तर औषधपाणी पाहा. मग दोघांना वेगवेगळं बसवून ऐका. 'आधी हात कुणी उचलला' एवढंच विचारू नका. त्याआधी महिनाभर काय चाललं होतं तेही विचारा. गंभीर काही असेल तर त्याच दिवशी दोन्ही घरी कळवा. ज्याची चूक त्याने भरपाई करावी: फाडलेली वही उतरवून द्यावी, चारचौघांत दिलेली शिवी चारचौघांतच मागे घ्यावी. कडेला उभं राहून टाळ्या पिटणाऱ्यांनाही जाब विचारा. आणि आठवड्याने पुन्हा चौकशी करा.

फक्त जबरदस्तीने गळाभेट घडवू नका. सूरह हुजुरातमध्ये भांडणाऱ्या दोन गटांत सुलह घडवायला सांगितलं आहे, पण इन्साफाने. आपण घाईघाईने सुलह उरकतो आणि इन्साफ गाळतो. दोन-दोन छड्या मारून मी तेच केलं होतं.

यापुढे कुणी अब्बा 'चमडी आपकी' म्हणाले, तर हसू नका. त्यांना सांगा, "हड्डीही तुमची, चमडीही तुमची. आमच्याकडे फक्त मुलगा रोज पाठवा."