जुन्या इंजिनाला 'हार्ड सीट' हवीच का? एका अर्धसत्याचा इतिहास

१/१०
जुनी मोटार इंजिनकामासाठी उघडली की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'ही गाडी शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनलेली, आता टणक व्हॉल्व्ह सीट बसवल्याच पाहिजेत.' वाक्य तांत्रिक वाटते. वस्तुतः तो इतिहासाविषयीचा दावा आहे. आणि सरसकट केला तर चुकीचा आहे. #थ्रेड

२/१०
आधी यंत्र समजून घ्यावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कडेवर टेकतो ती सीट. जुन्या इंजिनांत ती बहुधा बिडाच्या लोखंडातच कोरलेली असे. अतिउष्णतेत व्हॉल्व्ह व सीट क्षणभर चिकटतात, लोखंडाचे कण उपटले जातात आणि व्हॉल्व्ह हळूहळू आत धसतो. पेट्रोलमधील शिशाच्या संयुगांचा पातळ थर ही झीज रोखत असे. इथपर्यंत दावा खरा आहे.

३/१०
परंतु शिसे त्या कामासाठी आलेच नव्हते. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा जो गुण गवसला तो इंजिनातील 'नॉकिंग' थांबवण्याचा. फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेतील डेटन येथे असे पेट्रोल प्रथम विकले गेले. सीटचे रक्षण हा उद्देश नव्हता. तो ओघाने आलेला परिणाम होता.

४/१०
आता फोर्ड मॉडेल टी पाहा. निर्मिती १९०८ ते १९२७, संख्या दीड कोटी. शिसे बाजारात येण्याच्या पंधरा वर्षे आधी रचलेली ही मोटार 'शिशासाठी बनलेली' कशी? तिचे कॉम्प्रेशन कमी, गती बेताची. त्या पिढीचे मालक हेड उतरवून कार्बन खरवडत, व्हॉल्व्ह घासून पुन्हा बसवत. थोडी झीज होणार, हे देखभालीतच गृहीत होते.

५/१०
शिशाला 'जुन्या इंजिनांचा रक्षक' म्हणणाऱ्यांनी त्याची किंमतही आठवावी. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. त्याच महिन्यात मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले. आदल्या वर्षी ते स्वतःच विषबाधेने आजारी पडले होते. विक्रीचे नाव 'एथिल' ठेवले गेले. त्यात शिशाचा उल्लेखही नव्हता.

६/१०
तरीही 'टणक सीट म्हणजे निव्वळ थोतांड' हा उलट पक्षही टिकत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांतील उच्च कॉम्प्रेशनच्या इंजिनांचे आराखडे शिसे गृहीत धरूनच झाले. ती तासन् तास महामार्गावर वेगाने पळवली किंवा ओझे लादून घाटात चढवली, तर मऊ सीट खरोखर झिजते. १९७० च्या दशकात अमेरिकी कारखाने सीट टणक करू लागले, ते उगाच नव्हे.

७/१०
याला पुरावाही आहे. १९८५ मध्ये अमेरिकेने पेट्रोलमधील शिशावर कठोर मर्यादा आणली, तेव्हा जुन्या ट्रॅक्टरांची चिंता उभी राहिली. तिथल्या पर्यावरण संस्थेने व कृषी खात्याने इंजिने चालवून चाचण्या घेतल्या. निष्कर्ष स्पष्ट होता : कमी फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनांना धोका अल्प, अधिक फेऱ्या आणि जड भार सोसणाऱ्या मऊ सीटना मोठा. म्हणजे केवळ 'गाडी जुनी आहे' हे कारण पुरेसे नाही.

८/१०
भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. वर्षातून दोनदा रॅलीला संथपणे निघणाऱ्या गाडीला हा निष्कर्ष लावला, तर घाई कशासाठी? आणि हेड ॲल्युमिनियमचे असेल तर प्रश्नच वेगळा : तो धातू मऊ असल्याने त्यात वेगळ्या धातूच्या सीट मुळातच बसवलेल्या असतात.

९/१०
'बसवून टाकल्या तर बिघडले काय?' बिघडते. नवी सीट बसवण्यासाठी मूळ धातू कापावा लागतो. अंदाज चुकला तर आतल्या पाण्याच्या वाटेपर्यंत भोक पडते. सीट सैल बसली तर निसटून पिस्टनवर आदळते. नव्वद वर्षे टिकलेले मूळ हेड हे त्या काळाच्या कारागिरीचे अस्सल साधन आहे. कापलेला धातू परत येत नाही. ताम्रपट 'सुरक्षित राहावा' म्हणून कोणी तो कानशीने घासत नाही.

१०/१०
निर्णय पुराव्यावर व्हावा, आणि तो इंजिनच देते. सीट झिजून व्हॉल्व्ह धसू लागला की टॅपेटची फट कमी होत जाते. ती ठरावीक अंतराने मोजून वहीत नोंदवावी. फट स्थिर असेल तर हेडला हात लावू नये. ती वारंवार कमी होत असेल, किंवा सीट जळलेली, तडकलेली आढळली, तर टणक सीट हीच योग्य दुरुस्ती. 'हवीच' म्हणणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात : इंजिनाचा आराखडा कोणत्या साली झाला, गाडी कशी चालते आणि फटीची नोंद काय सांगते. उत्तर नसेल, तर हेड तूर्त शाबूत राहू द्यावे. #समाप्त