पार्किंगखाली एक टाकी हवी

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी एप्रिल-मे आला की कॉम्प्लेक्सच्या गेटवर टँकर उभा! हे आपण इतकं नॉर्मल मानलंय की फ्लॅट बघायला गेल्यावर लिफ्ट, मॉड्युलर किचन, कव्हर्ड पार्किंग सगळं विचारतो. छपरावरचं पाणी कुठे जातं, हे मात्र कुणी विचारत नाही.

नियम आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पावसाचं पाणी अडवण्या-साठवण्याची सोय करावीच लागते. बऱ्याचदा त्यासाठी शोषखड्डा खणून मोकळं होतात. खड्डा वाईट नाही, पण आपला जांभा सच्छिद्र. सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या चिकण थरावर अडतं आणि उताराने झऱ्यांवाटे निघून जातं. खालच्या वाडीतल्या विहिरींना त्याचा फायदा होतो, व्हायलाच हवा. पण मे महिन्यात तुमच्या नळाला त्यातलं किती येणार? म्हणून इथे खड्ड्याच्या जोडीला साठवण टाकी लागते. नियमावलीत तोही पर्याय आहे.

हिशोब करून बघा. पिण्याला-स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर, चौघांचं घर, फेब्रुवारी ते मे १२० दिवस. झाले २,४०० लिटर. सोळा फ्लॅटना मिळून ४० हजार लिटरची टाकी पुरते. पाच बाय चार मीटर, दोन मीटर खोल, म्हणजे जेमतेम दोन गाड्यांच्या पार्किंगखालची जागा. २०० चौरस मीटरच्या छपरावरून ती भरायला साधारण २५० मिलिमीटर पाऊस पुरे. जुलैत तेवढा आठवड्या-दहा दिवसांत होतो.

आंघोळ, कपडे, फ्लश यातून भागणार नाही, टँकर लगेच बंदही होणार नाही. पण निदान पिण्याच्या पाण्यासाठी त्याची वाट बघावी लागणार नाही.

गंमत म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. गळती नको म्हणून इथल्या कितीतरी बिल्डिंगांच्या गच्चीवर पत्र्याची शेड असते. पूर्वी पागोळ्यांखाली पिंप लावायचे. आता त्याच पाण्याचा पाइप आपण गटारात सोडतो. पन्हळ, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढणारा व्हॉल्व्ह, गाळणी, झाकणबंद टाकी, एवढंच लागतं. प्यायचं पाणी उकळायचं, हे आलंच.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. यंदा आई-बाबांसोबत जा आणि रंगकामाच्या खर्चाआधी हा विषय अजेंड्यावर घ्यायला लावा.