पुढच्या रांगांची सवलत

मुंबईहून दिल्लीस जाणारे विमान साधारण दोन तासांत पोहोचते. गोव्यास जाणारे तासाभरात. एवढ्या अवधीत विमान वर चढते, थोडा वेळ सरळ जाते आणि उतरू लागते. तरीही पुढे दोन-तीन रांगा रुंद खुर्च्यांच्या, त्यांच्यामागे पडदा आणि पडद्यामागे गुडघे आखडून बसलेले दीड-दोनशे प्रवासी, ही रचना अनेक विमानांत याही प्रवासाला लागू असते. जुन्या भाषेत हा पहिला वर्ग. देशांतर्गत प्रवासात विमान कंपन्या त्याला ‘बिझनेस क्लास’ म्हणतात, आणि हे नाव बरेच प्रामाणिक आहे. तासाभरासाठी तिप्पट भाडे स्वतःच्या खिशातून मोजणारे थोडेच असतात. या खुर्च्या मुख्यतः ज्यांचे तिकीट दुसरा कोणी काढतो त्यांच्यासाठी मांडलेल्या असतात.

हा दुसरा कोण, याची चौकशी मात्र क्वचितच होते. सप्टेंबर २००९ मध्ये या विषयावर मोठा गदारोळ झाला होता. मंत्र्यांनी साध्या वर्गाने प्रवास करावा अशी सूचना अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी केली. सोनिया गांधी साध्या वर्गाने मुंबईस आल्या. राहुल गांधी शताब्दीने लुधियान्यास गेले. आणि त्याच वर्गाला ‘गुरांचा वर्ग’ म्हटल्याबद्दल शशी थरूर यांना क्षमायाचना करावी लागली. कोण कुठे बसला आणि कोणी कोणता शब्द वापरला, यावर रकानेच्या रकाने भरले. पैसा कोणाचा, हा प्रश्न बाजूसच राहिला. काटकसरीचे असे हंगाम येतात आणि ओसरतात. नियम जागच्या जागी असतात.

नियम पाहावेत. केंद्रीय वित्त मंत्रालयाने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या आदेशान्वये वेतनस्तर १४ व त्यावरील अधिकाऱ्यांस देशांतर्गत दौऱ्यासाठी बिझनेस क्लास अनुज्ञेय झाला. त्याच आदेशात वेतनस्तर ५ व त्याखालील कर्मचाऱ्यास रेल्वेचा वातानुकूलित तिसरा वर्ग. कामाची निकड किंवा प्रवासाची लांबी यांचा या वर्गवारीशी संबंध नाही. संबंध आहे तो केवळ पदाशी. सहसचिवाची पाठ कारकुनाच्या पाठीहून नाजूक असते असे शरीरशास्त्र सांगत नाही.

तथापि सरकारी तिकिटांचा खर्च निदान अंदाजपत्रकात कोठेतरी दिसतो. कंपन्यांच्या तिकिटांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. समजा, एका कंपनीने आपल्या संचालकासाठी मुंबई-दिल्ली प्रवासाचे अठरा हजार रुपयांचे तिकीट काढले आणि त्याच विमानात मागची खुर्ची सहा हजारांस उपलब्ध होती. सप्टेंबर २०२५ मध्ये या वरच्या वर्गावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला, साध्या वर्गावर तो ५ टक्केच ठेवला, आणि श्रीमंतांवर कर बसल्याचे समाधान अनेकांनी मानले. परंतु नोंदणीकृत कंपनीस कामाच्या प्रवासावर भरलेल्या या कराचे श्रेय आपल्या इतर करदेण्यातून वळते करून घेता येते. तो पूर्णपणे सोसावा लागतो तो दुखऱ्या कमरेमुळे स्वतःच्या पैशाने रुंद खुर्ची घेणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला. कंपनीला नाही.

शिवाय तिकिटाचे अठरा हजार धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतात. २०१९ नंतर सवलतीचा दर स्वीकारलेल्या कंपन्यांवर अधिभार व उपकर धरून सुमारे २५ टक्के कर पडतो. म्हणजे या एका तिकिटापायी कंपनीचा कर सुमारे साडेचार हजारांनी घटतो. मागच्या खुर्चीवर तो दीड हजारांनी घटला असता. धंद्याचा खरा खर्च नफ्यातून वजा व्हावा, यात वावगे काही नाही. पण विमानाची दोन्ही टोके दिल्लीस एकाच क्षणी उतरतात. वरच्या बारा हजारांनी धंद्याचे कोणते काम लवकर झाले? त्या बारा हजारांपैकी तीन हजार रुपये सार्वजनिक तिजोरीने सोडून दिले, आणि याची नोंद सवलत म्हणून कोणत्याही वहीत होत नाही.

आता रेल्वेकडे पाहावे. काही वर्षांपूर्वी रेल्वेने आपल्या तिकिटांवर एक सूचना छापण्यास आरंभ केला: प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम रेल्वे वसूल करते. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात पाय ठेवायला जागा शोधणाऱ्या प्रवाशाला आपण सरकारच्या उपकारावर प्रवास करीत आहोत याचे स्मरण करून देणारी ही ओळ होती. साठ वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के भाडेसवलत होती. ती मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने थांबवण्यात आली आणि साथ ओसरल्यावरही वर्षानुवर्षे परत मिळाली नाही. कारण एकच सांगितले जाते, बोजा. पुढच्या रांगेतील प्रवाशाच्या तिकिटावर मात्र ‘आपल्या भाड्यातील काही भाग देशाने सोसला आहे’ असे कोणी छापलेले नाही. मागच्यांना मिळते ती सवलत, पुढच्यांना मिळतो तो खर्च. हिशेबाच्या भाषेतच हा वर्गभेद मुरलेला आहे.

यावर एक युक्तिवाद हमखास केला जातो: पुढच्यांच्या चढ्या भाड्यामुळेच मागच्यांचे तिकीट स्वस्त राहते. अनुभव असे सांगत नाही. २००६ साली सुरू झालेली इंडिगो कंपनी तब्बल अठरा वर्षे एकाच वर्गाची विमाने चालवून देशातील सर्वांत मोठी कंपनी झाली, आणि तीही स्वस्त भाड्याच्या बळावर. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने दिल्ली-मुंबई मार्गावर पुढच्या बारा खुर्च्या घातल्या, त्या मागच्यांवरील दयेपोटी नव्हे. कंपन्यांचे पैसे मोजणारे गिऱ्हाईक त्या मार्गावर आहे म्हणून. बारा रुंद खुर्च्यांना जवळजवळ दोन डझन साध्या खुर्च्यांची जागा लागते. जागेच्या प्रमाणात इंधनाचा हिशेब केला तर पुढचा एक माणूस मागच्या दोघांचे इंधन जाळतो.

या प्रश्नाकडे साधेपणाच्या उपदेशातून पाहण्याची सवय समाजवादी चळवळीलाही आहे. गांधीजींच्या तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाची आठवण काढून आपण मोकळे होतो. अधिक उपयोगी आठवण मधु दंडवते यांची आहे. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ साली नावापुरता रद्द होऊन दुसरा झाला. लाकडी फळी तीच राहिली. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना दंडवत्यांनी पहिल्या वर्गाच्या गाद्या काढल्या नाहीत, तर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळीवर दोन इंचांची मऊ गादी बसवण्यास सुरुवात केली. आज रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांपैकी कितीजणांस त्यांचे नाव ठाऊक असेल कोण जाणे, पण पाठीला ती गादी लागते.

म्हणून मागणी नेमकी असावी. दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत विमानप्रवासासाठी कंपन्यांना साध्या वर्गाच्या भाड्याइतकीच रक्कम खर्च म्हणून वजा करता यावी. आजारी व अपंग प्रवाशांचा अपवाद अर्थातच असावा. तेवढ्याच अंतरासाठी अधिकाऱ्यांची आणि लोकप्रतिनिधींची पुढच्या खुर्चीची पात्रताही रद्द व्हावी. खासदारांना वर्षाकाठी ३४ एकेरी विमानप्रवासांची तरतूद आहे. तीतून साध्या वर्गाने जाण्यास कोणाची मनाई नाही, आणि पक्षाच्या प्रतिनिधींनी याची सुरुवात कायद्याची वाट न पाहता करावी, हे कार्यकारिणीने स्पष्टपणे सांगायला हवे. गेल्या काही वर्षांत या बाबतीत आपल्याकडेही ढिलाई आली आहे, हे कार्यकर्ते खाजगीत बोलतात. ते बैठकीत बोलले जावे.

या वसुलीतून ज्येष्ठांच्या रेल्वे सवलतीचा सगळा खर्च भागेल, असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. रकमा त्या मानाने लहान आहेत. परंतु त्या सवलतीसाठी सह्या गोळा करीत रेल्वे स्थानकांवर उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांना ‘फुकट किती द्यायचे?’ हा प्रश्न विचारला जातोच. त्यांनी निवेदनाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर अठरा हजारांच्या तिकिटाचा हा हिशेब छापून घ्यावा.