विश्लेषण : आमदार, हद्दपार, खासदार, कैदी... शामराव परुळेकर यांची कारकीर्द वादग्रस्त का ठरली?

मोखाड्यात आज ज्यांच्या हातात स्मार्टफोन आहे, त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळात मुंबईच्या कायदेमंडळाने केलेला कायदा मोखाड्यात आपोआप लागू होत नसे. १९३६ च्या आदेशानुसार ठाणे जिल्ह्यातील डहाणू, शहापूर तालुके आणि मोखाडा, उंबरगाव हे पेटे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ होते. कायदा येथे लागू करायचा की नाही, हे गव्हर्नर ठरवणार. शेजारचे जव्हार तर मुकणे राजांचे संस्थान. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत ते त्या कायदेमंडळाच्या कक्षेतच नव्हते.

याच काळात, १९३७ मध्ये, शामराव परुळेकर मुंबई विधानसभेत निवडून गेले. पुढे त्यांच्यावर झालेला वाद बहुतेक वेळा ‘कम्युनिस्ट चांगले की वाईट’ यावर अडकतो. खरा प्रश्न वेगळा आहे. सभागृहाचा कायदा जिथे पोहोचतच नाही, तिथल्या माणसांसाठी लोकप्रतिनिधीने काय करायचे?

उलट्या दिशेचे पक्षांतर

भारत सेवक समाजात काम केलेले परुळेकर रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे. कोकणातील खोती पद्धत रद्द करण्यासाठी जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर धडकला, त्याच्या नेतृत्वात डॉ. आंबेडकरांसोबत परुळेकर होते. पण १९३९ मध्ये त्यांनी कम्युनिस्ट पक्षाची वाट धरली. आजच्या पक्षांतराच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे चमत्कारिक वाटेल, कारण हे पक्षांतर सत्तेकडे नव्हे तर तुरुंगाकडे नेणारे होते. युद्धविरोधी प्रचारासाठी १९४० मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाई, दोघेही गजाआड गेले.

त्यानंतरचा आक्षेप मात्र खोडून काढण्यासारखा नाही. सोव्हिएत युनियनवर हल्ला झाल्यावर पक्षाने भूमिका बदलली, युद्ध ‘लोकयुद्ध’ झाले आणि १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनापासून कम्युनिस्ट दूर राहिले. देश पेटलेला असताना घेतलेली ही भूमिका चुकीचीच होती आणि तिचा डाग परुळेकरांच्या कारकिर्दीवरही आहे.

झरी ते तलवाडा

२३ मे १९४५ रोजी उंबरगाव भागातील झरी गावात वारली शेतकऱ्यांची परिषद भरली. मागणी काय होती, हे समजण्यासाठी एकच शब्द पुरे : लग्नगडी. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. ते फिटायचे कधी, हे जमीनदाराच्या वहीवर अवलंबून. आणि वही वाचता येणारा पाड्यावर कोणी नसे. हे गुपित नव्हते. सरकारचेच अधिकारी सायमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालात या भागातील आदिवासींची अवस्था मांडली होती. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला, त्यालाही तोवर सात दशके उलटली होती.

परिषदेनंतर वारल्यांनी वेठ करणे थांबवले. गवत कापणीच्या मजुरीचा संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या हजारोंच्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असल्याच्या अफवेने लोक जमले होते. परुळेकर दाम्पत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले.

खरी पंचाईत पुढे आहे. १९४६ मध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस सरकार आले. खेर स्वतः आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापक. आदिवासींच्या हालअपेष्टा त्यांना ठाऊक होत्या. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. तरीही दडपशाही थांबली नाही आणि जानेवारी १९४७ मध्ये नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला. चळवळीने कायदा हातात घेतला, असे सरकार म्हणत होते. पण मजुरी मागणाऱ्याच्या बाजूने उभा राहील, असा कायदा तोवर पाड्यावर आलाच कुठे होता?

हद्दपार केलेल्या जिल्ह्यातूनच खासदार

१९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, याच ठाण्यातून परुळेकर लोकसभेवर गेले. तेव्हा हा मतदारसंघ दोन जागांचा होता; दुसऱ्या जागेवर लक्ष्मण महादू मातेरा, तेही कम्युनिस्ट. पुढच्याच, १९६२ च्या निवडणुकीत जव्हारचे माजी संस्थानिक यशवंतराव मुकणे भिवंडीतून काँग्रेसचे खासदार झाले. पाच वर्षांत जिल्ह्याने वारल्यांचा नेताही दिल्लीला पाठवला आणि आदिवासी राजाही.

चीन युद्धानंतर कम्युनिस्ट नेत्यांवर देशद्रोहाचे शिक्के बसले आणि अटकसत्र सुरू झाले. परुळेकरांचा मृत्यू ऑगस्ट १९६५ मध्ये झाला, तोही स्थानबद्धतेत. ज्या सदनाचे ते सदस्य होते, त्या सदनाच्या देशात, खटल्याविना.

श्रेयाचा प्रश्नही उरतो. या लढ्याला बहुतेकदा ‘परुळेकरांचा लढा’ म्हटले जाते. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तो लढा घराघरांत पोहोचला. पण किसान सभेकडे स्वतःहून जाणारे माह्या धांगडा किंवा तलवाड्यात मारले गेलेले जेठ्या गांगड यांची नावे पालघर जिल्ह्याबाहेर किती जणांना ठाऊक आहेत?

मोखाडा आणि जव्हार आज राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहेत. एखादा कायदा येथे लागू करू नये, असे ठरवण्याचा अधिकार राज्यपालांना आजही आहे. फरक इतकाच की आता तो आदिवासींच्या संरक्षणासाठी वापरणे अपेक्षित आहे. वेठबिगारी संपवणारा केंद्रीय कायदा १९७६ मध्ये आला, झरीच्या परिषदेनंतर ३१ वर्षांनी. दिवाळीनंतर मोखाड्यातून वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबे आजही निघण्यापूर्वी मालकाकडून उचल घेतात, आणि हिशेबाची वही मालकाकडेच असते.