विद्यापीठातला महारवाडा

गावाला वेस असते आणि वेशीबाहेर महारवाडा असतो. विद्यापीठालाही वेस आहे आणि तिच्याबाहेरही एक महारवाडा वसवलेला आहे. त्याचं नाव 'सामाजिक न्याय'. एखादं अध्यासन, एखादं अभ्यास केंद्र, कुठंतरी एखादा ऐच्छिक पेपर. तिथं बहुतेक आमचीच पोरं शिकतात, आमचेच मास्तर शिकवतात, १४ एप्रिलला हार पडतो आणि बाकीचं विद्यापीठ आपापल्या वाड्यात सुखानं नांदतं. केमिस्ट्रीवाल्याला जातीशी देणंघेणं नाही, कॉमर्सवाल्याला नाही, इंजिनिअरला तर मुळीच नाही.

शांतता मात्र सगळ्यांना आवडते. तिच्यावर निबंध स्पर्धा होतात, रांगोळ्या निघतात, पाहुणे भाषणं ठोकतात. न्याय आमच्या वाट्याला आणि शांतता त्यांच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे.

दोस्तहो, ही वाटणी आपण मोडली पाहिजे. ज्या पदवीच्या जोरावर माणूस उद्या दुसऱ्याच्या जगण्यावर सही करणार, त्या प्रत्येक पदवीच्या पोटात न्यायाचा प्रश्न शिकवला गेला पाहिजे. डॉक्टर सही करतो, वकील करतो, इंजिनिअर करतो, बँकेचा मॅनेजर करतो. मग त्यांना हा पेपर ऐच्छिक आणि आम्हालाच तो सक्तीचा का?

हवेत बोलत नाही. आपल्याच लाइनवरचं घ्या. ३० नोव्हेंबर २००६. कानपुरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि इकडं उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीन पेटली. प्रवाशांना खाली उतरवून डबे जाळले गेले. लगेच सगळ्यांना शांतता आठवली. पण त्याआधी दोन महिने, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे या चौघांना ठार मारलं होतं. तेव्हा कितीजणांची झोप उडाली? बहुतेकांना ती गावभांडणाची किरकोळ बातमी वाटली. डबे जाळले ते बेस झालं, असं आमचं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की, त्या दोन महिन्यांच्या गप्पपणाला जो शांतता म्हणतो, त्याला शांततेचा अभ्यास करायला अजून सुरुवातच करायची आहे.

आता खैरलांजी कुठल्या खात्याचा विषय? समाजशास्त्राचा म्हणाल. बरं. पण पहिलं शवविच्छेदन इतकं हलगर्जी झालं की पुरलेली प्रेतं उकरून ते दुसऱ्यांदा करावं लागलं. म्हणजे हा वैद्यकाचा विषय झाला. भोतमांग्यांच्या शेतातून रस्ता काढण्यावरून तंटा होता; दलिताची स्वतःची जमीन गावाच्या डोळ्यांत सलत होती. म्हणजे अर्थशास्त्राचाही झाला. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ साली आठजणांना दोषी धरलं, सहाजणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण ॲट्रॉसिटीचं कलम काही लागू धरलं नाही. २०१० साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली आणि खुनामागं जात नव्हे, सूड होता असं धरलं. १९८९ चा कायदा पुस्तकात होता. पण सूडाच्या आत बसलेली जात कोर्टात कशी सिद्ध करायची, पुरावा कसा गोळा करायचा, पंचनामा कसा लिहायचा, हे पोलिसाला, डॉक्टरला, वकिलाला शिकवलं कुणी? एकानं प्रेत पाहिलं, एकानं कलम पाहिलं, एकानं सातबारा पाहिला. जात कुणीच पाहिली नाही, कारण ती 'दुसऱ्या डिपार्टमेंटचा' विषय होती.

आता आपल्या उंबऱ्यावर या. अंबरनाथला केमिकलचे कारखाने आहेत आणि तिथून वालधुनी उल्हासनगरात येते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर कुणीतरी टँकरभर रसायन वालधुनीत सोडलं आणि काठच्या वस्त्यांतल्या शेकडो लोकांना श्वास कोंडून इस्पितळ गाठावं लागलं. वालधुनीच्या काठावर बंगले नाहीत, झोपड्या आहेत. वायू कुठला होता, हे केमिस्ट्री सांगेल. तो कुणाच्या नाकात गेला आणि त्यांच्याच का, हा प्रश्न केमिस्ट्रीच्या प्रयोगवहीत का नको?

बदलापूरजवळ बारवी धरण आहे. एमआयडीसीनं ते १९७२ साली बांधलं, पुढं उंची वाढवली. पाणी कारखान्यांना आलं, शहरांना आलं; मुरबाडकडची गावं-पाडे पाण्याखाली गेले. सिव्हिलच्या पोराला भिंतीचं गणित येतं. भिंतीच्या पलीकडं कोण बुडालं, याचं गणित त्याला कुणी घातलंच नाही. तेच गटारांचं. गटारात धोकादायक पद्धतीनं माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी माणसं उतरतात, मरतात. माणूस उतरावाच लागणार नाही असं गटार आखणं हे इंजिनिअरचं काम आहे. ती दलित चळवळीची मागणी म्हणून फायलीत पडून राहते, इंजिनिअरिंगच्या पेपरात प्रश्न म्हणून येत नाही.

आणि बदलापूरचं २० ऑगस्ट २०२४ विसरू नका. शाळेत दोन चिमुरड्या पोरींवर अत्याचार झाला, तक्रार घ्यायला पोलिसांनी तास न् तास लावले, तेव्हा लोक रुळांवर उतरले. दिवसभर गाड्या बंद. त्या दिवशी लोकांनी मागितला तो न्याय होता. पुढं २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि पेढे वाटले गेले. खटला चाललाच नाही. आता कायद्याच्या वर्गात विचारा: खटल्यावाचून गोळी हा न्याय की सूड? आपल्या पोरांनी तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण आज टाळ्या पडलेली गोळी उद्या कुणाच्या वस्तीकडं वळेल ते आपल्याला शिकवावं लागत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात परभणीला सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत मेला. तो कायद्याचाच विद्यार्थी होता.

कुणी म्हणेल, एका माणसानं इतके विषय कसे शिकायचे? बाबासाहेबांनी काय केलं? १९१६ साली कोलंबियात जातीवरचा निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या वर्गात. १९२३ साली लंडनला रुपयावर प्रबंध छापला, तो अर्थशास्त्राचा. बॅरिस्टर झाले, ते कायद्याचे. विषय बदलले, पण माणसाला खाली कोण दाबतो, हा प्रश्न बदलला नाही. आम्ही मात्र त्यांनाच एका अध्यासनात कोंडून वर्षातून दोनदा कुलूप उघडतो.

आपल्यातलेच काहीजण म्हणतील, सगळीकडं पसरवायला जाल तर आहे तेही पातळ होईल. ही भीती खोटी नाही. मुंबई विद्यापीठात कितीएक वर्षं फाउंडेशन कोर्स होता. बीए, बीकॉम, बीएस्सी, सगळ्यांना सक्तीचा. त्यात जातीय विषमता होती, राज्यघटना होती, मानवी हक्क होते, तणाव आणि संघर्षसुद्धा होता. पण पोरांनी आदल्या रात्री गाईड उघडलं, उत्तरं पाठ केली, पेपर टाकला आणि मोकळी झाली. असं का झालं? न्याय सगळ्यांना वाटला, पण कुणाच्याच मुख्य विषयात शिरू दिला नाही. तो पाहुण्यासारखा ओसरीवर बसून राहिला.

म्हणून अभ्यास केंद्रं राहू द्यात, ती लढून मिळवलीत. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ सोळा वर्षं रक्त सांडलं, घरं जळली. ते नाव आपण पाटीवर लिहून घेतलं. ते आता अभ्यासक्रमात लिहायचं आहे.

त्यासाठी कुलगुरूच्या परवानगीची वाट बघत बसू नका. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कॉलेजांत शिकणाऱ्या पोरापोरींनो, प्रोजेक्ट तर सगळ्यांनाच करावा लागतो. बीएस्सीवाल्यानं वालधुनीचं पाणी बाटलीत भरावं आणि शेजारी काठावरच्या घरांची यादी ठेवावी. बीकॉमवाल्यानं आपल्या शहरात धंद्याला कर्ज कुणाला मिळतं ते काढावं. इतिहासवाल्यानं विचारावं की फाळणीत हाकलल्या गेलेल्या सिंध्यांच्या छावणीतून वसलेल्या या शहरात आपली माणसं कुठं आणि कशी वसली. कायदेवाल्यानं ॲट्रॉसिटीचे सुटलेले खटले वाचावेत आणि ते कुठं फुटले ते लिहावं. मास्तर म्हणतील, हे सिलॅबसमध्ये नाही. म्हणू द्यात. ते सिलॅबसमध्ये का नाही, हे लेखी विचारा आणि उत्तर लेखी मागा.

महारवाडा सुधारून भागत नाही. वेस पाडावी लागते.