साखरेचा पत्ता

‘साखरेने कर्करोग वाढतो’ हे ऐकून बिरसीतील एका कर्करुग्ण आजोबांचा गुळाचा चहा घरच्यांनी बंद केला. आजोबा वाळत चालले. नातीने विचारले, “डॉक्टरकाका, मग पुण्यात कर्करोग शोधायला साखरच कशी वापरतात?”

प्रश्न रास्त होता. पुण्याच्या आयसर संस्थेत राघवेंद्र किक्केरी यांचा गट चमकणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना शर्करारेणू जोडतो. ही साखर अन्न नव्हे, पत्ता होय. पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने ठरावीक शर्करा ओळखतात. यकृतपेशी गॅलॅक्टोज धरतात. कण तेथे चिकटला की पेशी उजळते. मात्र अशा काही कणांत कॅडमियमसारखा विषारी धातू असतो, त्यामुळे प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतची वाट लांबच.

आजोबांना मधुमेह नाही. या आजारात वजन घटणे अधिक घातक. त्यांचा चहा मी त्याच दिवशी पुन्हा सुरू करविला.