गायक तोच, कान वेगळे

'क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा पहिला स्वतंत्र अल्बम 'मिस्टर बॅड गाय' १९८५ साली आला. ब्रिटनमध्ये तो सहाव्या क्रमांकापर्यंत गेला खरा, पण रॉकच्या कित्येक चाहत्यांनी नाक मुरडले. ही तर डिस्कोची गाणी! ब्रायन मेची गिटार कुठे आहे? त्यातले 'लिव्हिंग ऑन माय ओन' हे गाणे तेथे पन्नासाव्या क्रमांकावरच थांबले. १९९१ मध्ये फ्रेडी गेला. १९९३ मध्ये त्याच आवाजाला आणखी नाचरा ठेका जोडला गेला आणि गाणे पहिल्या क्रमांकावर पोचले! मग आधी खटकला तो ठेका की फ्रेडीचे एकटे गाणे? मला वाटते, आपण रसिक गायकाकडून जुन्या आनंदाची वसुली करतो. वेगळे गाण्याची मोकळीक त्याला मरणोत्तर कशाला? ती त्याच्या हयातीतच द्यावी.